खडूच्या आतला माणूस

रोज सकाळी स्टुडिओचं दार उघडलं की ते चपला बाहेर काढायचे, लोकरीचे मोजे चढवायचे आणि खिशातून एक हिरवी काचेची गोटी काढून जमिनीवर ठेवायचे. मे महिन्यातही मोजे लोकरीचेच. गोटी ढकलायची नाही, नुसती ठेवायची. ती जरा वेळ जागेवर थांबे, मग कुठल्या तरी बाजूला निघे, आणि हा साठीला टेकलेला, पांढऱ्या मिशांचा माणूस गुडघ्यांवर रांगत तिच्या मागे जाई.

"आज दरवाज्याकडे चालली," ते जमिनीवरूनच सांगायचे. "काल खांबाकडे जात होती. फर्श खचून राहिली आहे. लिहून घे."

मी लिहून घेत असे. नोकरीचा पहिला महिना होता. टेलिव्हिजनमध्ये गेल्यावर काहीतरी वेगळं लिहावं लागेल अशी माझी समजूत होती.

आमचा स्टुडिओ म्हणजे ग्वाल्हेरात, पडाव नावाच्या भागाजवळचं, रेल्वेच्या रुळांलगतचं एक जुनं गोदाम. चॅनेल लहान, गावापुरतं. ते फ्लोअरचे इन्चार्ज आणि मी त्यांची असिस्टंट. कॅमेरे धरायला तिथे माणसं नव्हती. दोन कॅमेरे मोटारीच्या स्टँडवर होते. खाली तीन चाकं, मधे वरखाली होणारा खांब, वर वळणारं डोकं. काचेमागच्या खोलीत बसून जॉयस्टिक हलवली की स्टँड आपोआप चालायचा. एकेक स्टँड भरलेल्या लोखंडी कपाटाएवढा जड, आणि चालताना आवाज अजिबात नाही. त्यांचं सगळं वैर त्या आवाज नसण्याशी होतं.

"ट्रकसुद्धा भोंगा वाजवून येतो," ते म्हणत. "हा मागून येतो आणि सॉरीपण नाही म्हणत."

म्हणून त्यांनी खडू आणला होता. प्रत्येक स्टँड जिथवर पोचू शकेल तिथवर जमिनीवर पांढरी रेघ. ती रेघ ते रोज नव्याने मारत. रेघेच्या आत पाय टाकण्याआधी, मग तो कोणीही असो, मोठ्याने ओरडायचं, "आत!" काचेमागे जो बसला असेल त्याने दोन्ही हात जॉयस्टिकवरून उचलून वर करायचे आणि ओरडायचं, "आत आहे!" माणूस बाहेर येऊन "बाहेर!" म्हणेपर्यंत हात खाली आणायचे नाहीत. एकदा एक मंत्री मुलाखतीला आले होते. त्यांनाही यांनी रेघेशी थांबवलं. "पहले बोलिए, आत." मंत्र्यांना मराठी येत नव्हतं. तरी ते म्हणाले. सगळे हसले. हे हसले नाहीत. त्यांनी मान वळवून काचेमागचे हात वर गेलेत का ते पाहिलं.

सकाळच्या चाचणीसाठी निवेदिकेच्या खुर्चीत कोणाला बसवायचं नाही, असाही नियम होता. तिथे बाईसाहेब बसत. बाईसाहेब म्हणजे दाना ओली नावाच्या गल्लीतल्या एका शिंप्याच्या दुकानातला जुना पुतळा. त्याला बायकोची जुनी साडी नेसवून ते खुर्चीत बसवत आणि दोन्ही स्टँड फिरवून पाहत. बाईसाहेबांचा उजवा हात मनगटापासून तुटलेला होता. स्टँड नवीन बसवले त्या दिवशी तुटला. नवीन माणूस कामावर आला की ते त्याला तो हात दाखवत आणि म्हणत, "हा तुझा असता." बस्स, एवढंच त्यांचं ट्रेनिंग.

मला त्यांनी हात दाखवला तेव्हा मी मान हलवली.

"मान नको हलवू. बोल."

"हो," मी म्हणाले.

"काय?"

"हो, सर."

"कॉन्व्हेंटची दिसते," ते काचेमागच्या लोकांना म्हणाले. त्या दिवसापासून मी कॉन्व्हेंट.

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. दाना ओलीतल्या आमच्या घराच्या भिंती दोन्हीकडच्या घरांना लागून. "हळू बोल, पलीकडे जातं," हे ऐकत मी वाढले. आमच्याकडचे पूर्वज दरबारात कारकुनी करायचे, तेव्हापासूनची ती सवय असावी. शाळेत सिस्टर्सनी तेच इंग्रजीत शिकवलं. मी वर्गात पहिली यायची, पण उत्तर द्यायला उभी राहिले की बाई म्हणायच्या, पुन्हा सांग. पुन्हा सांगायचं म्हटलं की माझा आवाज आणखी आत जायचा.

ज्या कामात दिवसातून वीसदा ओरडायचं असतं, त्या कामात अशी मुलगी आली, हे त्यांनी स्वतःवरचं संकट मानलं. दुपारी जेवणानंतर ते मला गोदामाच्या मागच्या फाटकाशी उभं करत आणि स्वतः रुळांच्या बाजूच्या भिंतीपर्यंत चालत जात. मालगाडी आली की एक हात वर करत. मग मी ओरडायचं.

"आत!"

गाडी जाई. ते परत येत. "काही ऐकू नाही आलं. तू तोंड उघडलं होतंस काय?"

"हो, सर."

"पोटातून काढ. गळ्यातून बायका भाजीवाल्याला हाक मारतात."

पंधरा-वीस दिवस हे चाललं. पडावचे सवाऱ्या नेणारे टेम्पोवाले भिंतीवर बसून बघायचे. एकदा त्यातला एक म्हणाला, "मैडम, हमको तो सुनाई दे गया, अंकल को ही कम सुनता है." मला रडू येत होतं आणि रागही. पुढची गाडी आली तेव्हा मी त्या रागातच ओरडले. गाडी संपल्यावर पाहिलं तर ते भिंतीजवळ दोन्ही हात वर करून उभे होते. डबे संपेपर्यंत त्यांनी हात खाली घेतले नव्हते. परत आले, खिशातून कागदात गुंडाळलेली तिळगुळाची गजक काढली आणि अर्धी मला दिली. मुरैन्याची गजक ते कोणाला देत नसत.

त्यांचे आजोबा महाराजांच्या तोफखान्यात होते. हे ते अभिमानाने कधी सांगत नसत, उदाहरण म्हणून सांगत. "गोळा पुढे जातो, तोफ मागे येते. आजोबा आयुष्यभर एकच गोष्ट ओरडले, मागे कोणी आहे काय? संस्थान विलीन झालं, फौज विलीन झाली. नवीन साहेब आले. ते म्हणाले, इतकं ओरडायची गरज नाही, आता पद्धत वेगळी आहे. आजोबा घरी येऊन बसले." पुढे काय झालं, असं मी एकदा विचारलं. "पुढे काय होणार? घरी ओरडायचे. आजीला."

भोपाळच्या मोठ्या चॅनेलने आमचं चॅनेल घेतल्याची बातमी आली, तेव्हा ते जमिनीवर गोटीपाशी होते. वर न बघता म्हणाले, "आमच्या घरात विलीनीकरण दुसऱ्यांदा येऊन राहिलं आहे."

विलीनीकरणाला इंग्रजीत फार गोड शब्द वापरतात. आम्हाला मिळालेल्या पत्रात आपण आता एक कुटुंब आहोत, असं लिहिलं होतं. महिन्याभरात काचेमागची खोली रिकामी झाली. तिथले तिघे घरी गेले. जुने स्टँड गेले, तीन नवे आले, आणि ते भोपाळहून चालायला लागले. जॉयस्टिक भोपाळला, आम्ही इथे. ग्वाल्हेरच्या फ्लोअरवर फक्त एक टेक्निकल माणूस राहील, असं ठरलं होतं. आम्ही दोघं होतो.

पहिल्या दिवशी त्यांनी रेघेशी उभं राहून सवयीने आवाज दिला, "आत!" काचेमागे कोणी नव्हतं. ते थोडा वेळ तसेच एक पाय उचलून उभे राहिले. मग माझ्याकडे वळले. माझ्या डोक्याला हेडफोन होता. तो वेगळ्या फोन लाइनवर भोपाळशी जोडलेला होता.

"आता तू सांगायचं त्यांना. मी आत म्हटलं की तू तिकडे म्हणायचं. ते हो म्हणाले की तू हात वर करायचे. तोवर मी पाय नाही टाकणार."

"हो, सर."

"पोटातून."

नव्या स्टँडची एक खोड त्यांनी दोन दिवसांत हेरली. भोपाळची लाइन तुटली की स्टँड जागच्या जागी थांबतो, आणि आपण कुठे आहोत हे विसरतो. लाइन परत आली की ते आठवण्यासाठी आधी भिंतीजवळच्या ठरलेल्या खुणेवर जातो. कोणी न सांगता, आपणहून, आणि तिथे पोचेपर्यंत भोपाळचंही ऐकत नाही. "म्हशीसारखं आहे," ते म्हणाले. "संध्याकाळी सुटली की घरी. मधे कोण उभं आहे हे ती नाही बघत."

त्यासाठी भिंतीवर मोठं लाल बटण होतं. त्यांनी बाईसाहेबांना खुर्चीत बसवलं आणि मला सांगितलं, "लाइनची तार काढ. आता परत लाव. आता बटण दाब."

मी दाबलं. स्टँड हलला. मी दाबून धरलं. स्टँड शांतपणे खुर्चीपर्यंत आला, खुर्चीला लागला, बाईसाहेब तोंडावर पडल्या, आणि त्यांची साडी चाकाखाली घेत स्टँड भिंतीकडे गेला. खुणेवर पोचून थांबला. मी अजून बटण दाबूनच उभी होते.

"बघितलंस?" ते म्हणाले.

"हो."

"दोघांनी बघितलं. लिहून घे."

त्या आठवड्यात भोपाळचे साहेब आले. वय पस्तिशीचं, बोलणं मऊ. त्यांना ताबापत्रावर सही हवी होती, की स्टँड नीट बसवलेत, तपासलेत, वापराला सुरक्षित आहेत. यांनी कागद वाचला आणि परत केला.

"साहब, लाल बटन दबाने से मोटर की बिजली कटनी चाहिए. ये बटन तो भोपाल से पूछता है कि रुकूँ कि नहीं."

"दादा, लाइन चौबीस घंटे रहती है."

"और नहीं रही तो?"

"नहीं रही तो कैमरा चलेगा ही नहीं."

"चलेगा नहीं. लौटेगा. एक तार खींचनी है, बटन से सीधी मोटर तक. मैं खुद खींच दूँगा. आप दो दिन स्टूडियो की छुट्टी कर लो."

साहेब हसले. उद्घाटनाला आठच दिवस होते. जाताना त्यांना खुर्चीतल्या बाईसाहेब दिसल्या. "ये क्या भूत बिठा रखा है? हटवाइए इसे." साहेब माझ्याकडे बघून म्हणाले. मी बाईसाहेबांना उचलून स्टोअरमध्ये नेलं. पुतळा वजनाने हलका होता. हे मला आजही आठवतं, कारण यांनी मला अडवलं नाही. नुसतं बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला एकटीला बोलावलं. इंग्रजीत बोलले. तुमच्याशी बोलणं सोपं जातं, म्हणाले. इथे एकच जागा आहे हे तुम्हाला माहीत आहे. ते जुन्या वळणाचे, चांगले, पण जुन्या वळणाचे. आम्हाला पुढे जाणारी माणसं हवीत. कागद त्यांनी माझ्याकडे सरकवला. त्यात एक ओळ होती, आणीबाणीचं बटण तपासलं, चालू आहे.

लाइन असताना ते चालू होतंच. मी स्वतःला तसं सांगितलं. घरी बाबा निवृत्त होते, माझी ही पहिली नोकरी होती, आणि मला वाद घालता येत नाही. हे सगळं खरं आहे. पण त्या क्षणी मला यातलं काही आठवत नव्हतं. मला फक्त त्या खोलीतून लवकर बाहेर पडायचं होतं. मी सही केली. मला कोणी दोनदा सांगितलं नाही.

ताबापत्राची एक प्रत स्टुडिओच्या दाराला लावली होती. त्यांनी चष्मा लावून ती पूर्ण वाचली. मग मोजे चढवता चढवता म्हणाले, "अक्षर सुंदर आहे तुझं."

त्यानंतर त्यांनी मला कॉन्व्हेंट म्हटलं नाही. काहीच म्हटलं नाही. महिनाअखेरपर्यंतची त्यांची नोकरी होती, ती ते करत राहिले. गोटी, खडू, मोजे. तार खेचायला साहेबांनी मनाई केली होती.

उद्घाटनाच्या सकाळी फरशी फिनाइलने पुसून घेतली. खडूच्या रेघा गेल्या. पाहुण्यांच्या खुर्च्या रेघा होत्या तिथवर आल्या. त्यांनी पाहुण्यांच्या पायांमधूनच गोटी सोडली. एका बाईंनी पाय वर घेतले. साहेबांनी डोळे वटारले.

कार्यक्रम सुरू झाला आणि अर्ध्यावर लाइन तुटली. तिन्ही स्टँड थांबले. मधल्या स्टँडवरच्या, वाचायच्या ओळी दाखवणाऱ्या प्रॉम्प्टरची जाड काच एका स्क्रूवर लोंबकळायला लागली, निवेदिकेच्या डोक्याच्या अगदी वर. निवेदिकेला ते दिसलं, पण ती हसरा चेहरा धरून बसली होती. उठावं की नाही तिला कळेना.

ते मोज्यांतच पुढे गेले. जिथे रेघ असायला हवी होती तिथे थांबले. आणि ओरडले, "आत!"

एवढ्या मोठ्याने की पुढच्या रांगेतले लोक दचकले. कोणीतरी हसलं. त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. माझे हात वर जायची वाट ते पाहत होते.

हेडफोनमध्ये भोपाळ म्हणत होतं, लाइन जोडतोय, तीस सेकंद. मी हेडफोनचं बटण दाबून इंग्रजीत म्हणाले, आत माणूस आहे. पाहुणे माझ्याकडे बघत होते. "क्या? फिर से बोलिए," भोपाळ म्हणालं. त्याच वेळी साहेबांनी माझ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं.

मी पुन्हा बोलले नाही.

हातही वर केले नाहीत. काच आणखी खाली आली. तेव्हा ते माझी वाट न बघता आत गेले. निवेदिकेला हाताने बाजूला ढकललं आणि काच दोन्ही हातांनी धरली. लाइन आली. स्टँड घरी निघाला.

सेटला लोखंडी पायरी होती. त्यांचा उजवा पाय स्टँड आणि पायरी यांच्यामध्ये सापडला. ते ओरडले नाहीत. जन्मभर ओरडत आलेला माणूस, पण तेव्हा नाही. "बटन, बेटा," एवढंच ते निवेदिकेला म्हणाले. तिने धावत जाऊन लाल बटण दाबलं, आणि दाबतच राहिली. त्यांच्या हातातली काच त्यांनी सोडली नव्हती. पायाचं हाड मोडल्याचा आवाज मात्र सगळ्यांना ऐकू आला. खुणेवर पोचल्यावर स्टँड थांबला.

चौकशीला तीन जण बसले होते. त्यांच्यासमोर टेबलावर आमच्या भिंतीवरची पाटी होती. सरांच्याच हस्ताक्षरात लिहिलेली, "आत म्हटल्याशिवाय आत जाऊ नये." मला एकच महत्त्वाचा प्रश्न विचारला. आत जाण्यापूर्वी त्यांनी इशारा दिला होता का?

मी स्वच्छ इंग्रजीत म्हणाले, मला काही ऐकू आलं नाही.

त्यांनी लिहून घेतलं. निवेदिकेची बदली भोपाळला झाली होती, तिला बोलावलं नाही. पाहुण्यांना कोण विचारणार? कर्मचारी स्वतः केलेला नियम मोडून यंत्राच्या हद्दीत शिरला, असा निष्कर्ष निघाला. त्यामुळे उपचाराची जबाबदारी कुटुंबावर आली नाही, म्हणजे आमच्या त्या नव्या कुटुंबावर. दोन आठवड्यांनी बटणापासून मोटारीपर्यंत एक सरळ तार ओढली गेली. दोन दिवसांचं काम होतं. त्या तारेच्या कागदावरही माझीच सही आहे.

सरांना भेटायला मी पाच महिन्यांनी गेले. किला गेटजवळ, एका गल्लीत, दुकानाच्या वर दोन खोल्या. काकूंनी दार उघडलं. मी नाव सांगितलं. त्यांनी मला ओळखलं नाही, की ओळखून न ओळखल्यासारखं केलं, कळलं नाही. ते खिडकीपाशी खुर्चीत होते, उजवा पाय स्टुलावर. पाय गुडघ्याखाली वळलेला, कायमचा. डाव्या पायात लोकरीचा मोजा होता. उजव्या पायात मोजा चढत नसावा.

मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांना काका म्हटलं. "काका, कसे आहात?"

"काय?"

"कसे आहात?"

"बस."

मी बसले नाही. काय बोलायचं ते मी टेम्पोत ठरवून आले होते, मराठीत, वाक्य न् वाक्य. त्यातलं काही तोंडातून निघेना. काकू चहा ठेवायला आत गेल्या. ते खिडकीबाहेर बघत होते.

"चौकशीत तुला बोलावलं होतं ना?" त्यांनी विचारलं.

"हो."

"काय विचारलं ते मला माहीत आहे. काय सांगितलंस तेपण. कागद आला माझ्याकडे." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. गोटी कुठे जाते ते बघावं तसं. "तिथे तुला दोनदा विचारावं लागलं काय?"

"नाही."

"एकदाच सांगितलंस?"

"हो."

"आणि तिघांनाही ऐकू गेलं."

मी मान हलवली.

"म्हणजे आवाज आहे तुझ्यात," ते म्हणाले आणि पुन्हा खिडकीकडे वळले.

चहा न घेताच मी निघाले. काकूंनी थांबवलं नाही. खाली किला गेटच्या नाक्यावर एक टेम्पो उभा होता. मी आत बसले आणि म्हणाले, "दाना ओली."

ड्रायव्हरने मागे वळून पाहिलं. "कहाँ, मैडम? ज़ोर से बोलिए."